डोकं बांधून किती दिवस काढणार?

*डॉक्टर मॅडम, नमस्कार.*

*मी ३६ वर्षांची आहे. धायरीत राहते, कोथरूडच्या एका शाळेत पाचवी ते सातवीला शिकवते. कॉलेजात असल्यापासून मला पित्ताचा त्रास आहे. पित्त चढलं की डाव्या कानशिलापासून अर्धं डोकं ठणकायला लागतं. उजेड नको होतो, कुकरची शिट्टीसुद्धा डोक्यात घुसते. मग खोलीत अंधार करून, डोक्याला ओढणी आवळून पडून राहते. शेवटी मिठाचं पाणी पिऊन उलटी काढते, तेव्हा कुठे बरं वाटतं. कधीकधी दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमचमती वाकडीतिकडी रेघ येते, वीसेक मिनिटांनी जाते. हे सगळं पूर्वी महिन्यातून दोनदा व्हायचं. गेल्या वर्षभरात महिन्यातून पाच-सहा वेळा होतंय, आणि उरलेले दिवसही डोकं जड असतंच. सकाळी उठल्यावर पित्ताची गोळी आणि शाळेत निघताना मेडिकलमधून आणलेली डोकेदुखीची गोळी, असं महिन्यातले वीस-बावीस दिवस तरी चालू आहे. नाही घेतली तर दुपारपर्यंत डोकं उठतंच.*

*सायनसचा एक्स-रे झाला, चष्मा झाला, एमआरआयसुद्धा झाला. सगळं नॉर्मल. तेव्हापासून मिस्टर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे तू मनाला लावून घेतेस. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी डोकं दुखायला सवड नव्हती. माझ्या आईला मात्र पदर डोक्याला आवळून पोळ्या लाटताना मी पाहिलंय. संकष्टीला तर ठरलेलंच, चंद्रोदयापर्यंत डोकं फुटायची वेळ येते. सध्या पेपर तपासणी चालू आहे, ऊन मी म्हणतंय, रजा संपल्यात. पाळी मागेपुढे होते म्हणून चार महिन्यांपासून हॉर्मोनच्या गोळ्या घेते, बाकी आजार काही नाही. पित्त मुळापासून जाईल असं काही सांगा. आणि माझी नऊ वर्षांची मुलगी हल्ली शाळेतून आली की कपाळ दुखतंय म्हणते. तिलाही हे लागणार का?*

*— एक वाचक, धायरी*

सस्नेह नमस्कार.

तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेलं एक वाक्य मला सगळ्यात आधी उचलावं लागतंय. पाळीसाठी घेताय त्या हॉर्मोनच्या गोळ्या. अशा बहुतेक गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन असतं. तुमचं दुखणं म्हणजे अर्धशिशी, मायग्रेन, त्याबद्दल पुढे सांगतेच. दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमचमती रेघ येते, तिला ऑरा म्हणतात. ज्यांना असा ऑरा येतो, त्यांनी इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेऊ नयेत असा नियम आहे, कारण दोन्ही एकत्र आले की मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका वाढतो. वयाची पस्तिशी उलटली की हे जास्तच सांभाळावं लागतं. घाबरून जाऊ नका, हा धोका फार थोड्या बायकांच्या वाट्याला येतो. पण टाळता येण्यासारखा आहे, म्हणून टाळायचा. उद्याच तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करा. गोळ्यांचं पाकीट हातात धरून नाव वाचून दाखवा आणि म्हणा, "मला ऑरा असलेली मायग्रेन आहे, या गोळ्या मला चालतील का?" आहे ते पाकीट थांबवायचं की कसं, तेही त्याच फोनवर विचारा. इस्ट्रोजेन नसलेले पर्याय असतात, त्यामुळे पाळीचा प्रश्न अधांतरी राहणार नाही. बहुधा हा ऑरा त्यांना तुम्ही सांगितलाच नसेल. डोळ्यांची रेघ पाळीच्या डॉक्टरांना सांगायची असते हे कुणाला सुचणार? जाल तेव्हा ब्लड प्रेशरही मोजून घ्या.

आता तुमच्या "पित्ता"बद्दल.

अर्धं डोकं, ठणका, उजेड आणि आवाज सहन न होणं, मळमळ, उठून कामाला लागलं की दुखणं वाढणं, आणि औषध न घेता चार तासांपासून थेट तीन दिवसांपर्यंत चालणं. ही सगळी लक्षणं अर्धशिशीची, म्हणजे मायग्रेनची आहेत. आपल्या आज्यांना हा शब्द माहीत होता. मधल्या काळात कसं कोण जाणे, सगळ्या डोकेदुख्या पित्तात जमा झाल्या. माझ्या दवाखान्यात अर्धशिशीची दहा माणसं आली तर त्यातली बरीच "पित्ताने डोकं उठतं" असंच सांगत येतात, आणि उरलेल्यांपैकी काही जण सायनसच्या उपचारात दोन-तीन वर्षं घालवून आलेले असतात.

गैरसमज कुठून येतो तेही समजण्यासारखं आहे. अर्धशिशीचा झटका सुरू झाला की जठराचं काम मंदावतं. सकाळचा पोहे-चहा दुपारपर्यंत तसाच पडून राहतो, तोंडाला पाणी सुटतं, मळमळतं. मग उलटी होते. आधी खाल्लेलं पडतं, आणि पोट रिकामं झाल्यावर लहान आतड्यातला पित्तरस वर येतो. बेसिनमध्ये ते हिरवट-पिवळं कडू पाणी दिसलं की सगळं घर म्हणतं, बघा, पित्त पडलं! तेवढ्यात झटकाही ओसरत आलेला असतो, त्यामुळे पित्त पडलं म्हणून डोकं उतरलं असं मनात पक्कं बसतं. खरं तर डोक्यात जे सुरू झालं त्यानेच पोट बिघडवलेलं असतं. रोज सकाळची पित्ताची गोळी तुमच्या डोक्यापर्यंत पोचतच नाही. ती एकदम बंद मात्र करू नका. फार दिवस घेतलेली असली तर बंद केल्यावर काही दिवस खरोखरची जळजळ होते, म्हणून डॉक्टरांना विचारून कमी करत जा. मिठाचं पाणी पिऊन उलटी काढणं मात्र आजपासून बंद. एवढं मीठ पोटात जाणं धोक्याचं असतं, आणि झटक्यात शरीराला हवं असलेलं पाणी तुम्ही आपल्या हाताने बाहेर काढता.

हे मी नुसतं पुस्तकातलं सांगत नाही. इंटर्नशिपमध्ये रात्रपाळ्या करताना मलाही पित्तच होतं. ओपीडी संपेपर्यंत उजवा डोळा मागून कुणी दाबतंय असं वाटायचं. मी पित्ताचं गुलाबी औषध बाटलीनेच प्यायचे आणि वर डोकेदुखीची गोळी घ्यायचे. एका वरिष्ठ मॅडमनी माझ्या एप्रनच्या खिशात हात घालून रिकाम्या पट्ट्या बाहेर काढल्या आणि टेबलावर एकाखाली एक मांडल्या. सहा होत्या. "या महिन्याच्या?" त्यांनी विचारलं. त्या एका आठवड्याच्या होत्या. दुसरं काही न बोलता त्यांनी मला खुर्चीत बसवलं, आणि मी जे तुम्हाला आता सांगणार आहे ते सांगितलं.

तुमचा आजार दोन पदरी झालाय. एक अर्धशिशी, जी कॉलेजपासून आहे. दुसरी गेल्या वर्षात तिच्यावर चढलेली, गोळ्यांमुळे होणारी डोकेदुखी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधांची मिश्र गोळी किंवा अर्गोटामिन या अर्धशिशीच्या जुन्या औषधाची गोळी दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की अर्धशिशी असलेल्या माणसाचा मेंदू त्या गोळीवर टेकून बसतो. गोळीचा असर उतरला की डोकं दुखतं, दुखलं की गोळी घेतली जाते. "नाही घेतली तर दुपारपर्यंत डोकं उठतंच" हे तुमचं वाक्य या आजाराचं वर्णनच आहे. दिवस मोजायचे असतात, गोळ्या नाहीत. एका दिवशी दोन घेतल्या तरी तो एकच दिवस. आणि कंबर दुखली म्हणून घेतलेली गोळीही यात धरायची.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाही. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. त्यात अर्गोटामिन आणि कॅफिन असेल, तर ती वर्षभर रोज घेण्याची वस्तूच नाही. अर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं, हातापायाची बोटं गार पडणं, मुंग्या येणं हेही त्याने होऊ शकतं. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिली याचा अर्थ ती निरुपद्रवी आहे असा घेऊ नका.

तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय असेलच. दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख, कामवाल्या मावशींचे खाडे आपण त्यावरच लिहितो. त्याच चौकटीत आजपासून तीन खुणा करा. डोकं दुखलं तर टिंब, कामच होईना इतकं दुखलं तर फुली, गोळी घेतली तर गोल. पाळीचे दिवस खाली रेघ मारून ठेवा. बाकी काही लिहू नका. काय खाल्लं, कुठे गेले, कोण काय बोललं, अशी भलीमोठी वही बायका आठवडाभर लिहितात आणि सोडून देतात. या तीन खुणांचं पान घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर त्यांचं अर्धं काम होतं. तुमच्या पानावर आज काय दिसेल ते मी सांगू शकते. फुल्या सहा आणि गोल बावीस. मला त्या बावीस गोलांची काळजी आहे.

ते गोल कमी कसे करायचे? एकट्याने करायला जाऊ नका. एखाद्या एमडी फिजिशियनकडे किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जा, खर्चाचा प्रश्न असेल तर ससूनला दाखवा. साध्या आणि अर्गोटामिनच्या गोळ्या बहुतेक वेळा एकदम थांबवता येतात, पण त्यानंतरचे दोन ते दहा दिवस वाईट जातात. डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, झोप लागत नाही, चिडचिड होते, पोट ढवळतं. हे आधी माहीत नसलं की तिसऱ्या दिवशी माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. त्या दिवसांपुरती वेगळी औषधं डॉक्टर देतात. पेपर संपून मेची सुट्टी लागली की पहिले दहा दिवस यासाठी राखून ठेवा. माहेरी जाणार असाल तर आईकडेच करा, त्यांना हे दुखणं कळतं. तोवर डॉक्टरांची भेट उरकून घ्या, कारण त्यासोबत एक दुसरं औषध सुरू करायचं असतं.

ते म्हणजे झटके कमी करणारं रोजचं औषध. इथे बरीच माणसं बिचकतात. प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलं की घरी जाऊन मोबाईलवर बघतात आणि म्हणतात, हे तर बीपीचं. ॲमिट्रिप्टिलीन दिलं की डिप्रेशनचं, टोपिरामेट दिलं की फिट्सचं. "डॉक्टरांनी मला वेडी ठरवलं" म्हणून माझ्यासमोर रडलेल्या बायका आहेत. ही औषधं त्या त्या आजारांसाठी आली हे खरं आहे, आणि वापरता वापरता ती अर्धशिशी कमी करतात असं दिसून आलं हेही तितकंच खरं. ॲमिट्रिप्टिलीन अर्धशिशीसाठी रात्री दहा मिलिग्रॅमपासून सुरू करतात, नैराश्यासाठी लागते त्याच्या कितीतरी कमी. सुरुवातीला तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडी सुस्ती येते. लहानपणी दमा होता का हे डॉक्टरांनी विचारलं तर नीट आठवून सांगा, दमा असला तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. पुढे मूल हवं असेल तर तेही आधी सांगा. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट ही औषधं गर्भाला घातक ठरू शकतात. आणि धीर धरा. दोन ते तीन महिने घेतल्याशिवाय औषध लागू पडलं की नाही ते कळत नाही. फुल्या सहावरून तीनवर आल्या तर ते यश समजायचं. मुळापासून जाईल असं तुम्ही मागितलंत, ते देण्यासारखं माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. आवाक्यात मात्र नक्की येते.

झटका आलाच तर वेळ महत्त्वाची. "बघू, जाईल, तास संपू दे" करत आपण थांबतो आणि मग अर्धीच गोळी घेतो. तोवर पोट थांबलेलं असतं, गोळी जठरात पडून राहते. केसांतून फणी फिरवली तरी दुखायला लागलं, वेणीचं रबर काढून टाकावंसं वाटलं, म्हणजे झटका बराच पुढे गेला. तेव्हा औषध हवं तसं काम करत नाही. म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिलेली पूर्ण मात्रा, दुखायला लागल्यापासून पहिल्या तासात. मळमळ थांबवणारं औषध सोबत लागतं का तेही विचारा, त्याने पोट पुढे सरकतं आणि गोळी लागू पडते. साध्या गोळ्यांनी भागलं नाही तर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान अशी खास अर्धशिशीची औषधं आहेत. हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असलेल्यांना ती चालत नाहीत, आणि अर्गोटामिन घेतल्यापासून चोवीस तासांत तर मुळीच घ्यायची नाहीत. तुमच्यासारख्यांनी ती चमचमती रेघ दिसताना न घेता, दुखणं सुरू होताना घ्यायची. आठवड्यातून दोन दिवसांच्या वर काहीच नाही. ही मर्यादा कालनिर्णयच्या गोलांवर लक्ष ठेवून पाळता येते.

आता तुमची संकष्टी. पाश्चात्त्य पुस्तकांत चीज आणि रेड वाइन टाळा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मी बायकांना सगळ्यात आधी उपवास विचारते. तुमचा दिवस मी डोळ्यांपुढे आणला. सकाळी चहा, मधल्या सुट्टीत पुन्हा चहा, दुपारी वाटीभर साबुदाणा खिचडी, संध्याकाळी पुन्हा चहा, आणि मग चंद्रोदयाची वाट बघत साडेआठ, नऊ, कधी त्याच्याही पुढे. पुण्यात ढग असले की गच्चीवर तासभर उभं राहणं वेगळं. अर्धशिशीच्या मेंदूला खाण्याचा, झोपेचा, पाण्याचा ठरलेला क्रम हवा असतो, आणि संकष्टीला आपण तोच मोडतो. उपवास सोडा असं मी म्हणत नाही, तो तुमचा आणि गणपतीचा प्रश्न आहे. पण दर तीन तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या. शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याचं दूध, केळं, ताक, उकडलेलं रताळं. नुसत्या साबुदाण्यावर राहू नका. एवढं करूनही सलग दोन-तीन संकष्ट्यांना फुली पडली तर उपवास थांबवा. आजाऱ्याला उपवास माफ असतो, हे आपल्या घरातली मोठी माणसंच सांगत आलीत.

चहाचं थोडक्यात सांगते. दिवसाला दोन, आणि रोज त्याच वेळी. शाळेच्या दिवशी पाच कप आणि रविवारी उशिरा उठून दहा वाजता पहिला, असं असलं की रविवारची डोकेदुखी हमखास येते. त्यात जास्तीची झोप आणि कॅफिन न मिळणं दोन्ही असतं. रविवारी तासभर जास्त झोपा, तीन तास नको.

आणि तुमचा रस्ता! धायरीहून सिंहगड रोडने राजाराम पुलाकडे येताना सकाळचं ऊन समोरून, संध्याकाळी परत जाताना पुन्हा समोरून. दोन्ही वेळा डोळे बारीक करून, सिग्नलला धूर खात, घट्ट हेल्मेटमध्ये. स्कार्फ तर आपण पुण्याच्या बायका बांधतोच, त्याने ऊन अडतं पण चकाकी अडत नाही. चांगला गडद गॉगल घ्या. हेल्मेटच्या आत अंबाडा असेल तर तो खाली बांधा. निघताना ग्लासभर पाणी प्या, आणि शाळेत पोचल्यावर आणखी एक. शिक्षिका पाणी कमी पितात, कारण दोन तासांच्या मध्ये बाथरूमला जायला वेळ नसतो. हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता मी न विचारता सांगते.

एक सावधगिरी. झटक्याच्या आदल्या दिवशी खूप जांभया येणं, मान आखडणं, उगाच चिडचिड, एकदम गोड खावंसं वाटणं, हा झटक्याचाच पहिला टप्पा असतो. एप्रिलमध्ये माणूस दोन वाट्या आमरस खातो, दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं आणि खापर आंब्यावर फुटतं. आंबा सुखाने खा. जांभयांवर मात्र लक्ष ठेवा. त्या दिवशी वेळेवर जेवा, पेपरांचा गठ्ठा लवकर मिटा.

योगासनांचं विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून. औषधांसोबत योग केल्याने झटके कमी होतात असं दिल्लीच्या एम्सच्या २०२० मधल्या अभ्यासात दिसलं आहे. औषधांसोबत, औषधांऐवजी नव्हे. सुंठेचा लेप, बाम, कपाळावर गार पट्टी, यांनी बरं वाटत असेल तर जरूर करा. ओढणी आवळून बांधायलाही माझी हरकत नाही. पुड्यांमधून येणारी, आत काय आहे ते न सांगणारी औषधं मात्र घेऊ नका.

पुढचं तुमच्या मिस्टरांसाठी, हे त्यांना वाचायला द्या. एमआरआय हा फोटो असतो. रस्त्याचा फोटो काढला तर खड्डा दिसतो, पण सिग्नल चुकीच्या वेळी लाल होतो हे त्या फोटोत कसं दिसणार? अर्धशिशीत मेंदूची बांधणी ठीक असते, काम करण्याची पद्धत बिघडते. मेंदूच्या पृष्ठभागावरून विजेच्या हालचालींची एक लाट मिनिटाला तीनेक मिलिमीटर या वेगाने सरकते, ती चमचमती रेघ तिचीच. मग चेहऱ्याच्या आणि कपाळाच्या संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस चेतते, मेंदूच्या आवरणांमधल्या रक्तवाहिन्यांभोवती सीजीआरपी नावाचं प्रथिन सुटतं आणि ठणका सुरू होतो. या शोधासाठी चार शास्त्रज्ञांना २०२१ मध्ये ब्रेन प्राइज मिळालं, आणि त्याच प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून बाजारात आली आहेत. महाग आहेत, तुमच्या पत्नीला ती लागतीलच असं नाही. सांगण्याचा मुद्दा इतकाच की मनाला लावून घेतल्याने असं प्रथिन सुटत नाही. पन्नाशीच्या आतल्या बायकांना कामातून उठवणाऱ्या आजारांत जगभर याचा क्रमांक पहिला लागतो. ताण आला की झटका येतो हे खरं, पण ताणाने दम्याचा झटकाही येतो आणि दम्याला कुणी मनाचा खेळ म्हणत नाही. त्या पडून असतील तेव्हा दार हळू लावा, फोडणीचा वास खोलीत जाऊ देऊ नका, मुलीला खाली खेळायला न्या. दर अर्ध्या तासाने "बरं वाटतंय का" विचारू नका, उत्तर द्यायलाही त्रास होतो.

सासूबाईंना सवड नव्हती हे खरंच असेल. तुमच्या आईलाही नव्हती. म्हणून तर त्या पदर आवळून पोळ्या लाटत होत्या.

तुमचं दुखणं ओळखीचं आहे, म्हणून मी धीराने लिहितेय. पण काही दुखणी वेगळी असतात. मिनिटभरात वीज कोसळावी तसं आजवर कधीच झालं नाही इतकं दुखणं, ताप आणि ताठलेली मान, एका बाजूच्या हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, तासाभरानंतरही न गेलेली डोळ्यांपुढची रेघ, किंवा डोक्याला मार लागल्यावर सुरू झालेलं दुखणं. यातलं काही झालं तर अर्धशिशी समजून अंधारात पडू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. आणि घरात कुणाला पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकेदुखी सुरू झाली तर तेही लगेच दाखवा.

शेवटी तुमची मुलगी. अर्धशिशी घराण्यातून येते, तुमच्या आईकडून तुमच्याकडे आली, तिच्याकडे जाण्याची शक्यता आहेच. लहान मुलांत ती वेगळी दिसते. दोन्ही बाजूंनी कपाळ दुखतं, झटका दोन-तीन तासांतच संपतो, कधी डोक्यापेक्षा पोटच जास्त दुखतं, आणि झोप झाली की मूल उठून खेळायला जातं. डोळे एकदा तपासून घ्या. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, विशेषतः पहाटे दुखण्याने जाग येत असेल, सकाळी उलट्या होत असतील किंवा चालताना तोल जात असेल तर वेळ न घालवता. तिला तुमच्या पर्समधली गोळी देऊ नका. ती दुखतंय म्हणाली की "शाळा बुडवायची आहे का" असं कुणालाही म्हणू देऊ नका. आणि संध्याकाळी घरी आल्या आल्या तिचा डबा आणि पाण्याची बाटली उघडून बघा, किती परत आलंय ते.